सुट्या भागाचा उशीर नेमका होतो कुठे?

तुम्ही विचारलंय, की लढाऊ विमानं सुट्या भागांसाठी महिनोन्‌महिने का उभी राहतात आणि हा उशीर शोधून कमी कसा करायचा. हवाई दलात माझी बरीच वर्षं स्टोअरवर गेली, त्यावरून सांगतो.

२०१५ च्या कॅगच्या अहवालात सुखोई-३० एमकेआयची उपलब्धता, म्हणजे उडायला तयार असलेल्या विमानांचं प्रमाण, ५५ ते ६० टक्के होती. अपेक्षा ७५ ची. बहुतेक विमानं आपल्या नाशिकजवळच्या ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीत बनली, तरी कितीतरी भाग रशियातूनच यायचे. म्हणून सगळे बोट रशियाकडे दाखवतात. ते अर्धंच खरं आहे.

आम्ही एकदा एका हायड्रॉलिक पंपाचे सगळे कागद काढून बसलो. विमान उभं राहिलं त्या दिवसापासून पंप बसेपर्यंत, प्रत्येक टेबलावरची आवक-जावकची तारीख वहीत उतरवली. सर्वांत जास्त दिवस परदेशी ऑर्डर जायच्या आधीच गेले होते. पार्ट नंबरमधलं एक अक्षर चुकलं म्हणून डिमांड, म्हणजे भागाचं मागणीपत्र, परत आली होती, आणि ती परत आल्याचा फ्लाइट लाइनवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, कुणाला पत्ताच नव्हता. पुरवठादार दिवस मोजतो ते ऑर्डर हातात पडल्यापासून. आपण मोजायचे ते विमान उभं राहिल्यापासून.

मग खराब भागाकडे बघा. पंप, जनरेटर असे भाग फेकायचे नसतात, दुरुस्त होऊन पुन्हा फिरायचे असतात. खराब पंप टॅग लावून कोपऱ्यात पडून राहिला, तर तो दुरुस्तीच्या रांगेत लागतच नाही. नवा मागवण्याआधी ‘जुना कुठंय?’ हे विचारायलाच हवं.

आणि रॉबिंग, म्हणजे उभ्या विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावणं. निकडीच्या वेळी मीही त्यावर सही केली आहे. पण त्यात काम दुप्पट होतं, काढता-घालताना चांगला भाग दुखावतो, आणि मूळ उशीर झाकला जातो: विमान उडालं, की त्या डिमांडचा पाठपुरावा कुणी करत नाही. रॉबिंगची वेगळी नोंद ठेवलीत तर खरा तुटवडा तिथेच दिसेल.

बाहेरून येणाऱ्या भागांसाठी दीर्घ मुदतीचे करारच लागतात. २०१७ मध्ये एचएएलने रशियन कंपन्यांशी सुखोईच्या भागांसाठी पाच वर्षांचे करार केले. राफेलच्या २०१६ च्या करारात तर ७५ टक्के उपलब्धतेची हमीच घेतली होती. शिवाय ज्या भागांचं आयुष्य उड्डाणाच्या तासांवर ठरलेलं असतं, ते कधी संपणार हे आधीच माहीत असतं. त्यांची मागणी विमान उभं राहिल्यावर करणं मला आजही पटत नाही. रबरी सील मात्र जास्त भरून ठेवू नका, ती मांडणीवरच मुदतबाह्य होतात.

सुरुवात करायची तर सर्वांत जास्त दिवस उभं असलेलं एकच विमान घ्या. त्याच्या एका भागाच्या तारखा लिहून काढा, आणि तारखांमधलं सर्वांत मोठं खिंडार जिथे दिसेल त्या टेबलावर स्वतः जाऊन बसा.