कुलूप काढलेलं ई-पुस्तक आणि दारात आलेली नोटीस

प्रश्न : एका कंपनीकडून मी गेल्या आठ वर्षांत एक्केचाळीस ई-पुस्तकं विकत घेतली. कंपनीने सेवा बंद करत असल्याचं कळवलं. महिनाअखेरीनंतर एकही पुस्तक उघडणार नव्हतं. भाच्याने कसलासा प्रोग्राम चालवून सगळ्यांची कुलपं काढून दिली. त्यातलं एक मी मित्राला मेल केलं आणि त्याने ते परस्पर टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकलं. आता प्रकाशकाच्या वकिलांची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत भरपाई द्या, नाहीतर फौजदारी करू. भाच्यालाही गोवलं आहे. आम्ही तुरुंगात जाणार का?

उत्तर : तुमच्या डोक्यात दोन गोष्टींची गुंतागुंत झाली आहे. नोटिशीतही ती तशीच ठेवलेली दिसते, आणि ती चुकून राहिली असेल असं मला वाटत नाही.

पहिली गोष्ट कुलपाची, म्हणजे प्रत काढता येऊ नये म्हणून ई-पुस्तकाच्या फाइलवर घातलेल्या डिजिटल बंधनाची. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण कुलूप हक्कभंगाच्या इराद्याने तोडलेलं असलं तरच. पैसे मोजून घेतलेलं पुस्तक बंद पडू नये म्हणून केलेल्या कामात तो इरादा दाखवणं फिर्यादीला जड जाईल. स्वतःच्या वाचनासाठी केलेल्या रास्त वापराला कलम ५२ मोकळीकही देतं. ‘आम्ही पुस्तक विकत नाही, वाचायचा परवाना देतो’ असं कंपनीच्या अटींत असणारच. ती अट मोडली असेल, तर तो कराराचा भंग, म्हणजे दिवाणी बाब.

भाच्यासाठी मात्र त्या कलम ६५अ मध्येच एक बारीक ओळ आहे. दुसऱ्याला असं कुलूप काढून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवली पाहिजे! मामाची नोंद कोण ठेवतं? पण आता मागची तारीख घालून काही लिहू नका. आजच्या तारखेने खरं काय ते लिहून ठेवा.

मुळात ही कुलपं टिकत नाहीत. पुस्तक पडद्यावर दिसायचं तर किल्लीही ग्राहकाच्याच यंत्रात ठेवावी लागते. डीव्हीडीचं कुलूप १९९९ मध्ये उघडलं. त्यात नॉर्वेतला एक पंधरा वर्षांचा मुलगा होता. त्याच्यावर खटला भरला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. विकत घेतलेली डीव्हीडी स्वतः बघणं हा गुन्हा नाही, असं न्यायालयाला वाटलं. फुकट्याला उघडी प्रत कुठेतरी मिळतेच. अडकतो तो पावती असलेला माणूस.

मग तुम्ही सापडलात कसे? मित्राकडे गेलेल्या फाइलचं शेवटचं पान उघडून बघा. पुष्कळदा तिथे बारीक अक्षरांत खरेदीदाराचा ई-मेल असतो, किंवा तो फाइलच्या पोटात लपवलेला असतो. भाच्याने कुलूप काढलं, पण हा शिक्का बहुधा राहिला.

आता दुसरी आणि खरी अडचण. छापील पुस्तक दिलंत की ते तुमच्याकडून जातं. मेल केलंत की दुसरी प्रत तयार होते, आणि तो हक्क तुमचा नव्हता. कलम ६३ जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. तेव्हा नोटीस कचऱ्यात टाकू नका. मात्र यात धंदा किंवा कमाई नव्हती, आणि अशा वेळी न्यायालय शिक्षा त्याहून कमी करू शकतं. ग्रुपवर टाकण्याचा निर्णय तुमचा नव्हता, हेही महत्त्वाचं.

मित्राला आजच फाइल काढायला लावा आणि काढल्याचा स्क्रीनशॉट घ्या. तुमच्याकडचं काहीही पुसू नका; मेल, पावत्या, कंपनीची पत्रं, सगळं राहू द्या. घाबरून माफीचं पत्र पाठवू नका, तो कबुलीजबाब ठरतो. उत्तर वकिलामार्फत मुदतीत जाऊ द्या : फाइल हटवली आहे, पुन्हा होणार नाही असं हमीपत्र, आणि मागितलेल्या रकमेला हरकत. एका पुस्तकासाठी इतक्या लहान माणसाला कोर्टात खेचण्यापेक्षा प्रकाशकाला हमीपत्र बहुधा सोयीचं वाटेल, असा माझा अंदाज आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : सेवा बंद करताना कंपनीने पैसे परत दिले का? मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा दिले होते. तुम्हालाही मिळाले असतील, तर वर कुलपाबद्दल मी जे लिहिलं ते बरंच लंगडं पडतं. तो मेल शोधा आणि वकिलाला सगळ्यात आधी तोच दाखवा.