एन्व्ही आणि जेलसी: हेवा कुठला, धास्ती कुठली?

‘एन्व्ही’ आणि ‘जेलसी’ या दोन्हींसमोर कोशात हेवा, मत्सर, असूया हेच शब्द दिसतात; मग इंग्रजीला दोन शब्द कशाला लागले, असा प्रश्न आला आहे.

फरक माणसं मोजली की कळतो. एन्व्हीला दोघं पुरतात: त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. जेलसीत बहुधा तिसरा येतो आणि जे माझं आहे ते तो नेईल, ही धास्ती असते. मैत्रिणीला बढती मिळाली म्हणून मन खट्टू झालं, तर ती एन्व्ही. तीच मैत्रीण दुसऱ्या कुणात रमू लागली म्हणून जीव कासावीस झाला, तर जेलसी.

एन्व्हीच्या मुळाशी लॅटिन ‘इन्विदिया’ आहे आणि त्यात ‘विदेरे’, म्हणजे पाहणं, हा धातू आहे. आपण दुसऱ्याचं भलं ‘डोळ्यांत खुपतं’ म्हणतो, तीच नजर. जेलसी मात्र ग्रीक ‘झेलॉस’वरून आली. त्याचा अर्थ उत्कटता, आवेश. इंग्रजी ‘झील’ (उत्साह, आवेश) हा शब्दही तिथलाच. म्हणूनच ‘जेलसली गार्डेड’ म्हणजे डोळ्यांत तेल घालून जपलेलं. तिथे ‘मत्सराने जपलेलं’ असं भाषांतर केलं, तर अर्थाचा अनर्थ होतो.

व्याकरणातही एक भेद आहे. एन्व्ही हे नाम आहे तसं क्रियापदही, त्यामुळे ‘आय एन्व्ही यू’ म्हणता येतं. जेलसीला असं क्रियापद नाही. ‘जेलस ऑफ’ असंच म्हणावं लागतं. बोलताना आज जेलस दोन्ही अर्थांनी सर्रास चालतं. ती सरमिसळ जुनीच आहे, तिला चूक म्हणू नये. उलट दिशा मात्र बंद आहे: पत्नीवर संशय घेणाऱ्या नवऱ्याला कुणी ‘एन्व्हियस’ म्हणत नाही.

मराठीत काय म्हणावं? एन्व्हीला ‘हेवा’ छान बसतो. कडवट असेल तर ‘मत्सर’. जेलसीशी सर्वांत जवळचा शब्द ‘सवतीमत्सर’, पण तो एकाच नात्यात अडकला आहे. मला इथे ‘ईर्ष्या’ हा शब्द मोलाचा वाटतो. आज आपण तो चढाओढीसाठी वापरतो, पण पाणिनीच्या एका सूत्रात ईर्ष्या आणि असूया शेजारी असूनही वेगळ्या आहेत. पाणिनीच्या सूत्रांचं विवरण करणारी काशिकावृत्ती असूयेचा अर्थ देते: गुणांत दोष काढणं. आणि ईर्ष्येचं तिथलं एक उदाहरण असं: तो भार्येबद्दल ईर्ष्या करतो, हिला दुसऱ्या कुणी पाहू नये म्हणून. ही तंतोतंत जेलसी आहे.