बाबांची फियाट उभी करा, पण एफडीला हात न लावता

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. फोंड्याजवळ स्वतःचं घर, वेर्ण्याला फार्मा कंपनीत नोकरी, हातात महिन्याला ७४ हजार येतात. त्यातले साडेअठरा होमलोनला, १० एसआयपीला आणि ३० घरखर्चाला जातात. मुलगी नववीत. अडीअडचणीला बँकेत १ लाख २० हजार, आणि ६ लाखांची एक एफडी, जी यंदा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास सुटतेय. मांगरात, म्हणजे घराजवळच्या शेडमध्ये, बाबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजेच आपली फियाट, १५ वर्षं उभी आहे. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले आणि आता ती गाडी घरीच खोलून परत रस्त्यावर आणायचीय, खर्चाचा अंदाज साडेतीन लाख. प्रश्न असा की एफडीतून पैसे काढून यंदाच कामाला लागू का, पुढेमागे गाडीची किंमत वाढेल म्हणजे ती एक गुंतवणूकच झाली ना.

गाडी करा. मनापासून सांगतोय, कारण मी गाडी शिकलो ती काकांच्या फियाटवर, स्टिअरिंगखालचा तो गिअर आणि पुढच्या सलग सीटवर आम्ही तिघं, त्यामुळे तुम्हाला काय वाटत असेल ते मला दुसऱ्या कोणी समजावायला नको. पण एफडीतून नको आणि गुंतवणूक म्हणून तर अजिबात नको.

गुंतवणुकीचं आधी बोलू. पद्मिनी ही काही दुर्मिळ गाडी नाही, कुर्ल्याच्या कारखान्यातून २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत होती, मुंबईत टॅक्सी म्हणून तर ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. तुम्ही साडेतीन लाख घालाल, वर चार वर्षांचे रविवार घालाल, आणि विकायला काढलीत तर गिऱ्हाईक तुमचे रविवार मोजत नाही. एक गोष्ट खरी की स्वतःच्या वापरातली गाडी करकायद्यात भांडवली मालमत्ता धरत नाहीत, म्हणजे फायदा झाला तर कॅपिटल गेन टॅक्स नाही, पण तोटा झाला तर तो कुठे वळताही करता येत नाही. लग्नाच्या शूटिंगला भाड्याने देऊन खर्च काढू असं तुम्ही लिहिलंय, ते डोक्यातून काढून टाका. खासगी नंबरप्लेटची गाडी भाड्याने देणं हा परवान्याच्या नियमांचा भंग आहे, आणि त्या वेळी काही झालं तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते.

व्हिंटेज नोंदणीचंही विचारलंत. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला ती मिळते, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं. तुमची गाडी २०२८ ला त्यात बसेल. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्याच कामाला. तुम्हाला तर आईला घेऊन मंगेशीला जायचंय, मुलीला मिरामारला न्यायचंय, मग साधीच नोंदणी ठेवा. २० वर्षांवरच्या कारच्या पुनर्नोंदणीची फी २०२५ च्या ऑगस्टपासून १० हजार झालीय, आणि पासिंग संपून इतकी वर्षं झाल्याने दंड किती लागेल ते पहिला बोल्ट खोलायच्या आधी आरटीओत जाऊन विचारून या. मारुतीचं इंजिन बसवायचा विचारही सोडा, त्याला आरटीओची मंजुरी लागते आणि गाडीचा मूळपणा जातो तो वेगळाच.

आता ज्या गोष्टीवर तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही ती. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, अजून बाबांच्या नावावर आहे. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. म्हणजे त्या गाडीत अर्धा वाटा तुमच्या आईचा, आणि उरलेल्या अर्ध्यात तुम्ही आणि तुमची बहीण सारखे वाटेकरी. बहीण भांडेल असं मी म्हणत नाही, पण दुसऱ्याच्या वाट्याच्या वस्तूत साडेतीन लाख घालायच्या आधी तिला फोन करा, आईची आणि तिची लेखी संमती घ्या, वारसाचा दस्त करून घ्या आणि मग फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करा. मालक वारल्यावर तीन महिन्यांत हे करायचं असतं, तुम्हाला तीन वर्षं झालीत.

आणि हाच कायदा त्या एफडीलाही लागतो. ती तुमच्या एकट्याच्या नावावर असली तरी निम्मी वहिनींची आहे. 'बायको काही बोलत नाही' असं तुम्ही लिहिलंत, त्याला होकार समजू नका. आज संध्याकाळी बलकांवावर (ओसरीवर) बसा आणि आकडे तिच्यासमोर ठेवून विचारा.

आकडे असे. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ४८,५०० लागतात, सहा महिन्यांची सोय म्हणजे २ लाख ९१ हजार, तुमच्याकडे १ लाख २०. कंपनीने उद्या घरी बसवलं तर तिसऱ्या महिन्यात तुम्ही फियाटचे पार्ट विकायला काढाल, आणि अर्ध्या खोललेल्या गाडीला कोणी काही देत नाही. म्हणून एफडी सुटली की त्यातले १ लाख ७५ हजार अडीअडचणीच्या खात्यात टाका, उरलेले सव्वाचार लाख मुलीसाठी परत चार वर्षं ठेवा, ७ टक्के धरले तर टॅक्स जायच्या आधी साधारण ५ लाख ५७ हजार होतात. सगळा खर्च जाऊन महिन्याला तुमचे १५,५०० उरतात. त्यातले साडेसहा हजार मुलीच्या नावाने चालू करा, चार वर्षांत नुसती मुद्दलच ३ लाख १२ हजार, म्हणजे ती बारावी होईल तेव्हा तिच्या खात्यात पावणेनऊ लाखांच्या आसपास असतील. आणि उरलेले नऊ हजार गाडीचे, वेगळी आरडी, त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही आणि त्याच्या पलीकडे गाडीवर एक रुपया नाही.

नऊ हजाराने गाडी कधी होणार असं वाटेल. साडेतीन लाखाला ३९ महिने, पण जुन्या गाडीत खोलल्यावर दोन गोष्टी जास्तीच्या निघतातच, मी ३० टक्के वर धरतो म्हणजे साडेचार लाख, पन्नास महिने. घरी काम करायचा हाच तर मोठा फायदा आहे, गॅरेजवाल्याला घाई असते, जागा अडते, बिल द्यावं लागतं, तुमच्या मांगराला भाडं नाही, गाडी तुमच्या हाताच्या वेगाने होईल आणि पैसा त्याच वेगाने येत राहील. लोन नाही, व्याज नाही.

फक्त क्रम पावसाकडे बघून लावा. आत्ता जुलै आहे, आत्ता पत्र्याला हात लावू नका, रंग खरवडलेला उघडा पत्रा आपल्या दमट हवेत रात्रीत लालसर होतो. पाऊस असेपर्यंत कागदपत्रं करा, सीट, वायरिंग, बीडिंग काढून पिशव्यांत नावं घालून ठेवा, ब्रेकचे ड्रम उघडा, हे सगळं फुकटात होतं. मे महिन्यापर्यंत आरडीत ९९ हजार जमतील, तुमच्या यादीत पत्र्याचं वेल्डिंग ७० हजार आहे, म्हणजे ऑक्टोबरनंतरच्या कोरड्या महिन्यांत, जसे पैसे साठतील तसं, फ्लोअर आणि खालच्या पट्ट्या करून वर इपॉक्सी प्रायमर मारून होईल आणि गाडी दुसरा पाऊस निर्धास्त काढेल. इंजिनचे ७५ हजार त्यानंतर, बोअरिंग आणि क्रँकचं काम छपराखाली होतं, त्याला पाऊस आडवा येत नाही. रंगाचे ८० हजार सगळ्यात शेवटच्या हिवाळ्यात, चकचकीत दिसावी म्हणून रंग आधी काढून घ्यायचा मोह होईल, तो आवरा. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम मात्र गाडी चालू करायच्या आधीच बदला, हल्लीच्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने खराब होतं आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे जिवाशी खेळ.

जे काम बाहेर द्याल त्याला टप्प्याटप्प्यानेच पैसे द्या. माझ्या एका क्लायंटने एका गॅरेजला पूर्ण कामाचे दोन लाख आधीच दिले, गाडीचा सांगाडा दोन पावसाळे उघड्यावर राहिला, क्रोमचे बंपर कुठे गेले ते आजवर कळलं नाही. पैसे तर गेलेच, पण परत आणलेली ती गाडी बघून तो माणूस रडला होता.

पार्टसाठी इथे अडलात तर मुंबईला कुर्ल्यात आणि चोरबाजारात एक फेरी मारा, पण यादी आणि बजेट कागदावर लिहून नेऊनच.

विम्याचं सोपं आहे, पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, म्हणून कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि बिलं जपून ठेवा.

येत्या रविवारी एवढं करा. पुढची रबरी मॅट उचला, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आणि दाराखालची पट्टी जाड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, ठण्ण वाजलं तर पत्रा जिवंत आहे, चिप्सच्या पाकिटासारखा आवाज येऊन आत गेला तर नाही. मग फडक्यात गुंडाळलेलं चुंबक बाहेरून दारांवर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे कोणीतरी गंजावर लांबी (पुट्टी) भरलीय. खडूने खुणा करा, फोटो काढा, आणि ते दाखवून वेल्डरकडून ७० हजारांचं कोटेशन परत घ्या. तो आकडा एक लाखाच्या वर गेला तर मला लगेच कळवा, मग वेल्डिंग दोन हिवाळ्यांत वाटून आरडीचं वेळापत्रक परत मांडून देतो.