मंदीत सरकारने खर्च वाढवावा की तूट आवरावी? यावर अर्थतज्ज्ञांचं एकमत का होत नाही?

लोकांच्या हाताला काम नसेल तेव्हा खर्च वाढवावाच. आमच्या घरात बाहत्तरचा दुष्काळ अजून बोलला जातो, म्हणून ठामपणे सांगतो.

आमचं गाव सांगोला तालुक्यातलं. आई तेव्हा पाझर तलावाच्या कामावर मुरमाची घमेली वाहायची, वडील खडी फोडायचे. थोरली ताई तान्ही होती, तिची झोळी बांधाशेजारच्या बाभळीला. पोरांना सुकडी मिळायची. हजेरीपटावर अंगठा उठवून पगार झाला की तो पैसा त्याच आठवड्याच्या बाजारात ज्वारीवर जायचा. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा अभ्यास केला. रेशनचं धान्य पुरत नव्हतं, पण मजुरांच्या हातात रोख पैसा होता म्हणून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य न्यायला बंदी असूनही व्यापाऱ्यांनी बाहेरून धान्य आणलं, असं त्यांनी मांडलंय. मजुरी नसती तर ते धान्य आमच्याकडे कशाला आलं असतं?

आमचे दाजी बँकेतून निवृत्त झालेत. दर दिवाळीला त्यांचं एकच, "खड्डे खणायचे आणि बुजवायचे, यात कसला विकास? कमाई घटली की आपण घरात हात आखडतोच ना, सरकारनेही आखडावा." दाजी, एका घराने हात आखडला तर ते घर सावरतं. सगळ्यांनी एकदम आखडला तर दुकानदाराचा गल्ला रिकामा, त्याचा नोकर घरी आणि सरकारचा करही बुडाला. अशा वेळी खर्च करणारं दुसरं कोण उरतं?

शिवाय अशीच कामं मागेल त्याला देणारी राज्याची रोजगार हमी योजना, तिचा पैसा काही हवेतून आला नाही. पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो १९७५ मध्ये याच योजनेसाठी लावला होता आणि राज्याने त्यात तेवढीच भर घालायची होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या या योजनेचा कायदा १९७७ चा. दाजींच्या पगारातूनही हा कर वर्षानुवर्षं कापला गेला, तो कशाचा हे त्यांना मी सांगितलं तेव्हा कळलं.

एकमत का नाही? सरकारने एक रुपया खर्च केला तर एकूण उत्पन्न कितीने वाढतं, हा आकडा ठरलेला नाही. युरोपातल्या काटकसरीचे अंदाज बांधताना तो सुमारे ०.५ धरला गेला होता. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेच (IMF) कबूल केलं की मंदीच्या काळात तो ०.९ ते १.७ निघाला. म्हणजे काटकसरीने धरलं होतं त्याहून कितीतरी जास्त नुकसान झालं. उलट सगळं उत्पादन भरात असताना सरकारने उधारीवर खर्च वाढवला तर महागाई आणि व्याज वाढतं, हे दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खरं आहे.

हेही सांगायला हवं की खोट्या हजेऱ्या लागायच्या, बरेच तलाव गाळाने भरले. १९८८ मध्ये मजुरीचे दर वाढले आणि त्यानंतर मागेल त्याला काम मिळेनासं झालं. आमच्या तलावाखाली विहिरींना पाणी वाढलं, पण त्यातली एकही विहीर घमेली वाहणाऱ्या बायकांची नव्हती. हा आक्षेप मला दाजींच्या सगळ्या आक्षेपांपेक्षा मोठा वाटतो. त्यावर उपाय खर्च थांबवणं नाही, काम कुणाच्या रानात होतंय ते बघणं हा आहे.

तुमच्याही घरी कुणी याला फुकट वाटप म्हणत असेल तर २०२० ची आठवण करून द्या. टाळेबंदीत केंद्राने मनरेगाच्या ६१,५०० कोटींवर आणखी ४०,००० कोटी दिले. दाजींचा पुतण्या पुण्याहून गावी परतून त्याच कामावर गेला होता. त्या वर्षी दाजींनी तुटीचं नाव काढलं नाही. आणि बाभळीच्या झोळीतली ती ताई म्हणजे त्यांची बायको, हेही मी त्यांना त्या दिवाळीत सगळ्यांसमोर सांगितलं.