विणकाम किंवा क्रोशा रोजचा छंद म्हणून कसा टिकवावा? माझं दर वेळी अर्धवटच राहतं.

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांत चारदा लोकर आणली, चारही वेळा दहा-बारा ओळींतच टाके चुकले, उसवावं लागलं, मन खट्टू झालं आणि पिशवी कपाटात गेली. वर सुया घ्याव्यात की क्रोशा, हेही ठरत नाहीये. हे दुसरं सोपं आहे, त्याच्याकडे येतेच. पण मला वाटतं तुमचं घोडं विणण्यात अडलेलं नाही, उसवण्यात अडलंय.

मी गेली सतरा-अठरा वर्षं जवळजवळ रोज विणते. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. इतक्या वर्षांत जेवढं विणलं त्याच्या निम्मं तरी उसवलं असेल. ज्या मावशीने मला सुया धरायला शिकवलं, तिने पहिल्या दिवशी वीस टाके घालून घेतले, चार ओळी विणून घेतल्या आणि सर्रकन सुई ओढून काढली. म्हणाली, "आता उसव." मी रडकुंडीला आले. ती म्हणाली, "लोकरीचं काय गेलं? होती तशी आहे की." तेव्हा रागच आला होता तिचा. पण शिवणकामात कात्री एकदा चुकीची चालली की कापड गेलं, इथे टोक धरून ओढलं की सगळा धागा परत हातात. हे ज्याला पटलं त्याला विणकामाचा नाद लागतो. ज्याला नाही पटलं तो वस्तू पुरी होण्याची वाट बघत बसतो, आणि वस्तू तर पुरी व्हायला महिने लागतात.

आता सुया की क्रोशा. सुयांवर साठ टाके असले तर साठही टाके एकाच वेळी उघडे असतात. सुई निसटली की सगळ्यांचा जीव टांगणीला. क्रोशात मात्र कुठल्याही क्षणी एकच फास जिवंत असतो, बाकीचे सगळे मागे बांधले गेलेले. म्हणजे कोणी हाक मारली, दार वाजलं, तर त्या एका फासात सेफ्टी पिन अडकवायची आणि उठायचं. उसवायचं तेव्हाही हवं तिथे थांबून क्रोशा परत घालता येतो. चूक झाली की तुमचा धीर सुटतो, म्हणून तुम्हाला मी आधी क्रोशाच सुचवेन. पण अंगात घालायचा मऊ, ताणला जाणारा स्वेटर किंवा मोजे हेच मनात असतील तर सुयांना पर्याय नाही. क्रोशाची वीण जाड आणि घट्ट येते, तेवढ्याच मापाला लोकरही जास्त खाते. पिशव्या, खेळणी, चौकोन जोडून केलेली पांघरुणं यांना ती छान. (जाता जाता एक गंमत: सुयांच्या विणीचं यंत्र विल्यम ली नावाच्या इंग्रज माणसाने 1589 मध्येच बनवलं, पण खरा क्रोशा विणणारं यंत्र कारखान्यांत आजही वापरात नाही. कुठेही खरीखुरी क्रोशाची वस्तू दिसली तर ती कोणाच्या तरी हातची असते.)

लोकरीबद्दल एकच हट्ट धरा: सुरुवातीला ती उसवता येईल अशीच हवी. मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची, आणि सोबत साधारण 4 ते 5 मिलिमीटरची सुई किंवा क्रोशा. काळ्या लोकरीत टाका दिसतच नाही, रात्री तर अजिबात नाही. मोहेरसारखी केसाळ लोकर दिसायला मोहक, पण उसवायला गेलं की केस एकमेकांत गुंततात आणि धागा तुटतो. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. सुती दोरा स्वस्थ बसतो खरा, पण तो लोकरीसारखा ताणला जात नाही, त्यामुळे सगळा ताण बोटांवर येतो. आणि लोकरीचे जास्त गुंडे घेणार असाल तर पट्टीवरचा डाय लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, सगळ्यांवर एकच आहे ना, ते बघा. मी एकदा बघितला नाही. रात्री दिव्याखाली दोन्ही बाह्या अगदी सारख्या दिसत होत्या, सकाळी खिडकीशी नेल्या तर एक निळी आणि एक निळी-पण-नाही.

तुमचे टाके "चुकले" म्हणजे नेमकं काय झालं ते लिहिलं नाहीये, पण दोनच शक्यता जास्त. सुयांवर विणत असाल तर वीस टाक्यांचे पंचवीस झाले असतील. ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागे ओढली गेली की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात, तो दोन टाक्यांसारखा दिसतो आणि आपण भाबडेपणाने दोन्ही विणतो. उपाय इतकाच की ओळ सुरू करताना लोकर सुयांच्या खाली, आपल्या बाजूला लोंबती ठेवायची आणि मगच सुलट टाक्यासाठी मागे न्यायची. क्रोशा असेल तर नेमकं उलटं होतं, काम ओळीगणिक अरुंद होत जातं. खांबांची, म्हणजे क्रोशाच्या उंच टाक्यांची, ओळ संपताना शेवटचा खांब मागच्या ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्यांच्या डोक्यात घालायचा असतो. त्या साखळ्या खांबासारख्या दिसत नाहीत, म्हणून तो राहून जातो. पहिल्या महिन्यात प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. कंटाळवाणं आहे, पण वीस ओळी उसवण्यापेक्षा एक ओळ उसवलेली बरी.

कडा गुंडाळत असतील तर त्यात तुमचा दोष नाही. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी वीण दोन्ही बाजूंनी आत वळतेच, तिचा स्वभाव आहे तो. सगळ्या ओळी सुलट विणल्या की कापड सपाट राहतं. म्हणून पहिला मफलर नुसत्या सुलट टाक्यांचा करायचा.

आणि इंटरनेटवरचा नमुना बघून क्रोशा करणार असाल तर नमुना अमेरिकन आहे की ब्रिटिश हे आधी पाहा. आपला मुका खांब, म्हणजे बुटका टाका, हा अमेरिकेतला सिंगल क्रोशे, आणि त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात. आपला साधा खांब अमेरिकेत डबल, ब्रिटनमध्ये ट्रेबल. मी या भानगडीत एका खेळण्यातल्या सशाचे कान त्याच्या अंगाएवढे लांब करून बसले होते.

टाका वाचता आला की निम्मी भीती जाते. हे मला कुणी शब्दांत सांगितलं नव्हतं, एका दुपारी आपोआप दिसलं. सुलट टाका म्हणजे इंग्रजी व्हीसारखी छोटी खूण, उलट टाका म्हणजे आडवी गाठीसारखी रेघ, आणि दोन्ही एकच: एकाची पाठ म्हणजे दुसऱ्याचं तोंड. त्यानंतर गळलेला टाकाही मला घाबरवेनासा झाला. समजा सुलट बाजूला एक टाका सुटला आणि पाच ओळी खाली घसरला. तिथे शिडी दिसेल: मधोमध मोकळे आडवे धागे, एकावर एक पाच, आणि तळाशी एक अनाथ फास. क्रोशा समोरून त्या फासात घालायचा, त्याच्या लगेच वरचा आडवा धागा आकड्यात पकडायचा आणि फासातून पुढे ओढायचा. एक पायरी चढलो. मग पुढचा धागा, मग त्याच्या पुढचा. पाचव्या पायरीला फास सुईवर ठेवला की झालं. मागची वीण किंचित सैल दिसते, ती धुतल्यावर बसते. ओळीच्या मध्यात दहा वेळा हे मुद्दाम करून बघा, म्हणजे टाका मुद्दाम पाडा आणि चढवा. सुयांवर विणणाऱ्यांनीही क्रोशा बाळगावा तो यासाठी.

नाजूक जाळीची वीण असेल तर एक युक्ती आहे. बरोबर आलेल्या ओळीत, सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून दाभणाने वेगळ्या रंगाचा बारीक दोरा ओवून ठेवायचा. पुढे काहीही बिघडलं तरी उसवण त्या दोऱ्याशी येऊन थांबते. काम झालं की दोरा ओढून काढायचा.

रोज कसं जमवायचं, याचं माझं उत्तर अगदी घरगुती आहे. पिशवी कपाटात ठेवायची नाही. मी जिथे बसते तिथेच उघडी टोपली असते, काम सुईवर चढलेलं, वर एक चिठ्ठी, "ओळ 34 झाली, पुढची उलट." ही चिठ्ठी नसती तर माझी अर्धी कामं मेली असती, कारण चार दिवसांनी आपण कुठे होतो हे आठवत नाही आणि ते शोधण्याचाच कंटाळा येतो. सुयांवरचं काम ओळ पुरी करूनच खाली ठेवते. आणि नेहमी दोन कामं चालू असतात: एक बिनडोक, जे बोलता बोलता, काही ऐकता ऐकता होतं, आणि एक डोकं लावायचं. दमलेल्या संध्याकाळी डोक्याचं काम हातात घेऊ नका, उसवावंच लागतं. अंगठा किंवा मनगट दुखायला लागलं तर त्या दिवशी बंद. मी एकदा कुणाला वाढदिवसाला द्यायचं म्हणून रेटून विणलं, आणि पुढचा महिनाभर बरणीचं झाकण उघडता येत नव्हतं. तारखेला बांधून घेतलं की छंदाची वेठबिगार झालीच म्हणून समजा.

स्वेटरकडे वळाल तेव्हा मात्र आधी हाताएवढा चौकोन विणून 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. नमुन्यात 20 टाके दिलेत आणि तुमच्या घट्ट हाताचे 22 बसले, तर वाटतं दोन टाक्यांनी काय होतंय. छातीचा घेर 100 सेंटिमीटर हवा म्हणून 200 टाके घातलेत तर प्रत्यक्षात 91 सेंटिमीटरचा होईल. माझा पहिला स्वेटर असाच डोक्यातून खाली उतरला नाही. पूर्ण उसवला. मावशीला सांगितलंही नाही.

क्रोशाने सुरू केलंत तर गोल चकती करून बघा, त्यात मजा आहे. मुक्या खांबांची चकती सपाट यायला हवी असेल तर पहिल्या फेरीत 6, मग 12, 18, 24, दर फेरीत बरोबर सहा वाढवायचे. कमी वाढवले की वाटी होते. म्हणजे टोपी कशी होते ते कळलंच. जास्त वाढवले की कडा झालरीसारखी चुण्या घेऊ लागते. ही झालर बिघडलेली चकती वाटते ना? कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या डाइना टाइमिना या लाटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये टाके ठरावीक प्रमाणात वाढवत नेऊन हायपरबोलिक प्रतल, म्हणजे गणितातला झालरीसारखा सगळीकडे वळत जाणारा पृष्ठभाग, क्रोशाने विणलं. त्याआधी कागदाच्या पट्ट्या चिकटवून केलेली मॉडेल हाताळताना सहज फाटायची. क्रोशाचं मॉडेल चुरगाळा, दुमडा, त्यावर रेघा शिवा, काही होत नाही. मी हे कळल्यापासून माझ्या झालरदार चकत्या टाकून देत नाही. एक तर टेबलावर ठेवलीय, येणारे समुद्रातलं काहीतरी समजतात.

राहिल्या तुमच्या चार पिशव्या. त्यातली लोकर फेकू नका. उसवलेली लोकर कुरळी होते आणि तशीच परत विणली तर टाके वेडेवाकडे येतात, म्हणून ती आधी सरळ करायची. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून मोठी लडी करा, चार ठिकाणी दुसऱ्या दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा. खऱ्या लोकरीला पाणी गरम नको आणि चोळाचोळ तर बिलकूल नको, नाहीतर तंतू आटून, एकमेकांत अडकून तिचा घट्ट नमदा होतो. हलक्या हाताने दाबून पाणी काढा, लडी टांगा, वाळू द्या. ओल्या लोकरीच्या वजनानेच बहुतेक कुरळेपणा जातो. अॅक्रिलिक असेल तर तेवढी सरळ होत नाही, पण विणण्याजोगी होते. वाळली की गुंडा करा, सैल करा, करकचून नको.

माझ्या मांडीवर आत्ता जी टोपी आहे ती अशाच लोकरीची. आधी ती बाही होती, त्याच्याही आधी मफलर. आणि हे लिहिता लिहिता लक्षात आलं, सातव्या फेरीत दोन टाके जास्त आहेत.