मॉक टेस्ट थांबवा, एकच उतारा आठवडाभर वापरा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं, की आयल्ट्स ॲकॅडमिक (परदेशात शिकायला जाताना लागणारी इंग्रजीची परीक्षा) तीन महिन्यांवर आलीये, बावीस मॉक टेस्ट देऊन झाल्या, रीडिंगचा आकडा ४० पैकी २२-२३ वरून हलायला तयार नाही, आणि बोलताना आधी डोक्यात मराठी वाक्य येतं, मग त्याचं इंग्रजी जुळवायचं आणि तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. घरात इंग्रजी बोलणारं कोणी नाही. मग वाचनाला जास्त वेळ द्यायचा की बोलण्याला, असं विचारलंय.

मी ही परीक्षा दोनदा दिलीये आणि त्यानंतर बऱ्याच ओळखीच्या मुलामुलींची तयारी करून घेतलीये, त्यावरून सांगतो. वेळ वाटूच नका. जे वाचता त्यावरच बोला. बाकी सगळं याच्याच आजूबाजूचं आहे.

पण आधी त्या मॉक टेस्ट महिनाभर बंद. बावीस झाल्या म्हणजे तुमच्याकडे साडेतीनशेच्या वर चुकलेले प्रश्न पडून आहेत, तोच खरा माल आहे आणि तो तुम्ही उघडूनही बघितला नसणार (मीही बघत नव्हतो, उत्तरं तपासायची, आकडा लिहायचा, हळहळायचं, पुढची टेस्ट). त्यातल्या शेवटच्या तीन टेस्ट काढा आणि प्रत्येक चुकीसमोर एक ओळ लिहा की का चुकलं. शब्दच माहीत नव्हता, की शब्द कळले पण लांबलचक वाक्याचा अर्थ लागला नाही, की उतारा कळला होता पण प्रश्नाने गंडवलं, की वेळ संपला म्हणून ठोकून दिलं. हे केल्याशिवाय पुढे काय करायचं ते ठरतच नाही. वेळ संपतो म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचा वेळ खरं तर एकाच प्रश्नावर पाच पाच मिनिटं अडून बसल्यामुळे गेलेला असतो.

२२-२३ म्हणजे ॲकॅडमिकला साधारण ६ बँडच्या (बँड म्हणजे या परीक्षेतली श्रेणी) काठावर, ७ साठी ३० च्या आसपास लागतात. म्हणजे सात-आठ प्रश्न. हे ऐकायला खूप वाटतं, पण माझ्या अनुभवात यातले तीन-चार फक्त ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनमध्ये (दिलेलं विधान उताऱ्याप्रमाणे बरोबर, चूक, की त्याबद्दल उताऱ्यात काहीच नाही, हे ठरवायचे प्रश्न) अडकलेले असतात, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

समजा उताऱ्यात वाक्य आहे, 'ओन्ली अ हँडफुल ऑफ द डायव्हर्स हॅड वर्क्ड इन कोल्ड वॉटर बिफोर द सर्व्हे.' म्हणजे सर्व्हेच्या आधी थंड पाण्यात काम केलेले पाणबुडे अगदी मूठभर होते. आता तीन विधानं घ्या. पहिलं, बहुतेक पाणबुड्यांना थंड पाणी नवीन होतं. दुसरं, सगळ्या पाणबुड्यांना थंड पाण्याचा अनुभव होता. तिसरं, पाणबुड्यांना थंड पाण्यात काम करणं अवघड गेलं. पहिलं ट्रू, जरी उताऱ्यातलं 'मूठभर' त्यात कुठेच नसलं तरी. दुसरं फॉल्स, जरी त्यात उताऱ्यातलेच शब्द भरलेले असले तरी. आणि तिसऱ्याला ट्रू ठोकून येतात शंभरातले कितीतरी जण, कारण साहजिकच आहे ना, अनुभव नाही, पाणी गार, अवघडच जाणार! पण हे 'साहजिकच' तुमच्या डोक्यातलं आहे, उताऱ्यात त्याबद्दल अक्षर नाही. नॉट गिव्हन. मी मुलांना एकच सांगतो, फॉल्स लिहायचं असेल तर विधानाला खोटं पाडणारी ओळ बोट ठेवून दाखव, आणि ट्रू लिहायचं तर तेच सांगणारी ओळ दाखव. बोट ठेवायला ओळ सापडत नसेल तर तिसरा पर्याय लिहून पुढे सरक. हे प्रश्न उताऱ्याच्या क्रमाने येतात, त्यामुळे चौथ्याचं आणि सहाव्याचं उत्तर सापडलं असेल तर पाचव्याचं त्यांच्या मधेच कुठेतरी असणार, नाहीतर नसणारच. 'ही माहिती कोणत्या परिच्छेदात आहे' हा प्रकार मात्र क्रमाने येत नाही, म्हणून तो त्या उताऱ्याच्या बाकी प्रश्नांनंतर घ्या, तोवर उतारा ओळखीचा झालेला असतो.

आता शब्दसंग्रह. शब्दांच्या याद्या पाठ करू नका असं मी म्हणत नाही, पण नुसत्या यादीने वाचन सुधारलेलं मी तरी पाहिलं नाही. पॉल नेशन म्हणून या विषयातले मोठे अभ्यासक आहेत, त्यांच्या २००० सालच्या एका अभ्यासातून आकडा आला की मदतीशिवाय मजकूर नीट कळायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. हे घरी करून बघा, कुठलाही लेख घ्या, पहिले शंभर शब्द मोजा, अनोळखी शब्दांवर टिंब द्या. दोन-तीन टिंबं आली तर तो लेख तुमचा. दहा-बारा आली तर तो तुम्ही वाचत नसून उकलत बसताय, आणि तशाने वेग कधीच येत नाही. तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय की तुम्ही अवघड मासिकं घेऊन बसलाय कारण कोणीतरी सांगितलं की परीक्षेचा लेव्हल तोच. असेल, पण सराव एक पायरी खाली करा आणि भरपूर करा. परीक्षेतले उतारे आठवड्याला एक पुरे.

तो एक उतारा असा वापरायचा. पहिल्या दिवशी वीस मिनिटं लावून प्रश्न सोडवायचे, नेहमीसारखे. दुसऱ्या दिवशी वेळ न लावता सावकाश वाचायचा, डिक्शनरी उघडून, आणि प्रश्नातले शब्द उताऱ्यात कुठल्या वेषात आलेत ते एका वहीत जोडीने लिहायचं. याद्या पाठ करण्यापेक्षा ही जोड्यांची वही दहापट उपयोगी, कारण परीक्षक शेवटी तपासतो तेच, की एकच गोष्ट दोन प्रकारे सांगितली तर तुम्हाला ओळखता येते का. तिसऱ्या दिवशी उतारा बंद करायचा, फोनचा रेकॉर्डर चालू करायचा आणि उताऱ्यात काय होतं ते मोठ्याने इंग्रजीत सांगायचं. चार मिनिटं. मग तेच तीन मिनिटांत, मग तेच दोन मिनिटांत. हा प्रकार मी शोधलेला नाही, भाषा शिकवणाऱ्यांमध्ये तो ४-३-२ म्हणून जुना आहे, आणि का चालतो ते पहिल्याच वेळी कळतं, कारण पहिल्यांदा सांगताना तुम्ही काय सांगायचं ते शोधत असता, तिसऱ्यांदा ते डोक्यात तयार असतं त्यामुळे सगळं लक्ष भाषेवर जातं आणि घाईमुळे मराठीतून फिरून यायला वेळच उरत नाही. चौथ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकायचं. हा सगळ्यात लाजिरवाणा भाग, स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पण ऐका. मी माझं पहिलं ऐकलं तेव्हा दोन मिनिटांत सतरा वेळा 'ॲक्च्युअली' म्हणालो होतो. पाचव्या दिवशी त्याच विषयावर मत सांगायचं, पटलं का, नाही पटलं तर का. झालं, एका उताऱ्यात वाचन पण झालं आणि स्पीकिंगच्या तिसऱ्या भागाची तयारी पण, कारण तिथेही अशाच विषयांवर तुम्हाला काय वाटतं हेच विचारतात.

रोजच्या बोलण्याचं आता. डोक्यात आधी मराठी येतं याचं फार वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचं येतं. घोळ होतो तो शब्दाला शब्द ठेवायला गेल्यामुळे. 'करायचं राहूनच गेलं' याचं शब्दशः इंग्रजी करत बसलात तर मेलात, तिथे अख्खा तुकडाच बदलायला हवा, 'आय नेव्हर गॉट राउंड टु इट'. 'डोक्यातूनच गेलं' म्हणजे 'इट स्लिप्ड माय माइंड'. 'कंटाळा आलाय, नाही करत आता' म्हणजे मित्रांमध्ये 'आय कान्ट बी बॉदर्ड'. दिवसभरात आपण मराठीत जी वाक्यं सारखी बोलतो ना, चावी सापडत नाहीये, बस चुकली, फोन चार्ज करायचा राहिला, तू सांगितलं नाहीस, मी सांगितलं होतं, ती लिहून काढा. पन्नास-साठच्या पुढे जात नाहीत. त्यांचे इंग्रजी तुकडे शोधा आणि ती ती गोष्ट घडेल तेव्हा तिथल्या तिथे मोठ्याने म्हणा. एकटे असताना. लोक बघतील म्हणून फोन कानाला लावून म्हणा, मी तसंच करायचो.

मराठीतून येणाऱ्या काही ठरावीक चुका पण सांगून ठेवतो, रेकॉर्डिंग ऐकताना याच शोधा. 'मी काल गेलो होतो' म्हणून आपण बिनधास्त 'आय हॅड गॉन येस्टरडे' म्हणतो. मराठीतलं 'होतो' तिथे सहज येतं, इंग्रजीला साधं 'आय वेंट येस्टरडे' पुरतं, 'हॅड गॉन' तेव्हाच जेव्हा भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्याही आधीचं सांगायचंय. 'दोन वर्षांपासून' आलं की 'सिन्स टू इयर्स' तोंडात येतंच, तिथे 'फॉर'. 'तो कुठे राहतो मला माहीत नाही' चं 'आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह' होतं, त्यातलं 'डज' काढून 'व्हेअर ही लिव्ह्ज'. आणि आपला लाडका 'च'! 'आजच हवंय' चं 'आय वॉन्ट इट टुडे ओन्ली'. इंग्रजीत हा 'च' बहुतेक वेळा शब्दाने नाही तर आवाजाने येतो, 'आय वॉन्ट इट टुडे' मधल्या टुडेवर जोर द्यायचा, संपलं. या चार गोष्टी जरी महिन्याभरात गेल्या तरी ऐकणाऱ्याला फरक कळतो.

आणि उत्तरं पाठ करू नका, प्लीज. माझी पहिली परीक्षा त्यामुळेच गेली. मला क्लासमध्ये तीस कार्डांची (स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात बोलायचा विषय कार्डावर देतात) तयार उत्तरं दिली होती, परीक्षेत 'तुम्ही घेतलेला एक अवघड निर्णय' आलं आणि मी 'माझ्यावर प्रभाव टाकणारी व्यक्ती' तिथे ओढून ताणून बसवली. परीक्षक बाई हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होत्या, मग अगदी साधा प्रश्न विचारला की तोच निर्णय आज घ्यायचा असता तर वेगळा घेतला असता का, आणि मी गप्प. कारण निर्णय असा काही नव्हताच. स्पीकिंगला ५.५. दुसऱ्या वेळी काहीही पाठ न करता गेलो, दोन ठिकाणी अडखळलो, एक वाक्य अर्धं सोडून नव्याने सुरू केलं, ७ आले. मार्क चार गोष्टींना सारखेच असतात, ओघ आणि सुसंगती, शब्द, व्याकरण, उच्चार. त्यात 'छान विचार मांडले' याला मार्क नाहीत, त्यामुळे फार थोर काही सुचत नाही म्हणून थांबू नका, साधं सुचलं तर साधं बोला पण बोलत राहा. दुसऱ्या भागात तयारीला एक मिनिट आणि कागद-पेन्सिल मिळते, त्यात वाक्यं लिहू नका, पाच-सहा शब्द लिहा, दोन मिनिटं झाली की ते स्वतःच थांबवतात, त्याचा अर्थ वाईट झालं असा नाही. प्रश्न ऐकू आला नाही तर सरळ परत विचारायला सांगा, नीट न ऐकता भलतंच उत्तर देण्यापेक्षा ते कधीही बरं.

रीडिंगच्या बारीकसारीक गोष्टी पटकन, निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून एकही जागा रिकामी सोडायची नाही, 'दोन शब्दांपेक्षा जास्त नको' म्हटलं असेल तिथे तिसरा शब्द लिहिला की उत्तर बरोबर असूनही शून्य, स्पेलिंग चुकलं तरी शून्य, आणि कागदावर परीक्षा देणार असाल तर लिसनिंगसारखी शेवटची १० मिनिटं उत्तरं उतरवायला रीडिंगमध्ये मिळत नाहीत, ६० मिनिटांतच सगळं.

शेवटी तुम्ही विचारलंय की ब्रिटिश ॲक्सेंट काढायला हवा का. नको हो. ॲक्सेंटचे मार्क कापत नाहीत, समजायला त्रास झाला तर कापतात, आणि आपलं बोलणं समजायला त्रास होतो तो बहुतेक जोर चुकीच्या जागी दिल्यामुळे. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने म्हणतो, इंग्रजीत एक अक्षर उचललं जातं आणि बाकीची दबतात, तेही शब्दागणिक वेगळं. 'फोटोग्राफ' मध्ये पहिलं उचललेलं, 'फटॉग्रफर' मध्ये दुसरं, 'फोटोग्रॅफिक' मध्ये तिसरं. वहीत नवीन शब्द लिहाल तेव्हा जोराच्या अक्षराखाली एक रेघ मारत जा, ऑनलाइन डिक्शनरीत ऐकायची सोय असते ती एकदा दाबा. आणि 'व' चं बघा, 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, 'वेस्ट' म्हणताना ओठ गोल आणि दात कुठेच लागत नाहीत. आरशासमोर दोन मिनिटं केलं की समजतं.