बावीस वर्षांनी पुन्हा वर्गात?

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. २२ वर्षं शॉप फ्लोअरवर गेली. आता प्लँट हेड करणार आहेत, पण त्याआधी ३ आठवड्यांच्या निवासी मॅनेजमेंट कोर्सला पाठवताहेत. तेही नेमकं ऑडिटच्या महिन्यात! पन्नाशीला आलेल्या माणसाला वर्गात बसवून काय शिकवणार?
– एक वाचक, चाकण

उत्तर : हेच मी १९९४ साली भोसरीत माझ्या साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तू गेल्याशिवाय तुझ्यामागं काय होतं ते कळणार कसं?" मला वाटलं, चेष्टा करताहेत.

मला धाडलं हैदराबादला, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजात. संस्था १९५६ ची, वास्तू बेला व्हिस्टा, निजामाच्या थोरल्या मुलाचा राजवाडा. रीत इंग्लंडमधल्या हेन्लेहून आलेली, तिला सिंडिकेट म्हणतात. निरनिराळ्या क्षेत्रांतल्या आठ-दहा जणांचा गट करायचा, चर्चा करून अहवाल द्यायचा, अध्यक्ष दर वेळी नवा. माझी पाळी आली तेव्हा पाऊण तास मीच बोललो, अहवालही मीच लिहून काढला. गटातले एक बँकवाले शांतपणे म्हणाले, "साहेब, आम्ही तेवढ्यात जेवून आलो असतो तरी चाललं असतं."

फार झोंबलं. पण खरा धडा एसटीडी बूथवर मिळाला. रात्री परगावच्या फोनचे दर उतरले की मी रांगेत. पलीकडून फोरमन विचारायचा, "तीन नंबरच्या प्रेसची डाय बदलू का?" (डाय म्हणजे प्रेसमधला साचा.) हा माणूस माझ्याआधीपासून त्या प्रेसवर! विचारायची सवय मीच लावलेली. एका रात्री पावसानं लाइन बंद पडली. दुसऱ्या दिवशी कळलं, डाय बदलून झाली होती आणि माल रवानाही झाला होता.

परतल्यावर साहेबांनी मला ६ महिने अकाउंट्सला बसवलं. रॅकवर 'लागेल कधीतरी' म्हणून मी रचून ठेवलेल्या मालावर बँकेचं व्याज चालू असतं, हे तिथं आकड्यांत पाहिलं. कोर्सपेक्षा हे जड गेलं, आणि जास्त उपयोगी पडलं. तुमच्या कंपनीत असं काही ठरवलेलं नसेल तर स्वतः मागून घ्या.

कोर्सला जाताना मात्र एक न सुटलेला प्रश्न बरोबर न्या, कारखान्यातला, खराखुरा. रेग रेव्हन्स नावाचे गृहस्थ १९४० च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा खाणींचं शिक्षण खातं बघत होते. खाणींच्या मॅनेजरांना ते एकमेकांसमोर बसवत आणि आपापल्या अडचणी मांडायला लावत. व्याख्यानं विसरतात हो. शेजारच्यानं विचारलेला अडचणीचा प्रश्न नाही विसरत.

ऑडिटचं म्हणाल, तर ते आजच डेप्युटीच्या हाती द्या. फाइल कुठं आहे एवढं विचारायला फोन आला तरच उचला. नाही, तोही नको. सापडते फाइल.